गाळाबद्दल शेवाळाची साक्ष

एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूर भागातून फिरलं की कोरड्या पडलेल्या तळ्यात पोकलेन आणि काठावर ट्रॅक्टरांची रांग हे दृश्य ठरलेलं. गाळ उपसायचा, ट्रॉलीत भरायचा आणि हलक्या, मुरमाड रानावर नेऊन पसरायचा. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा या जुन्या रिवाजाला सरकारी नाव मिळालं इतकंच. तळ्याची साठवण वाढते, बरड जमिनीला पाणी धरणारी माती मिळते, खतावरचा थोडाफार खर्च वाचतो. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. धरणात पाण्याऐवजी गाळ साठला की काय होतं, हे त्या उन्हाळ्यानंतर लातूरकरांना कोणी शिकवायची गरज उरली नाही.

मात्र या हिशेबात एक रकाना रिकामा आहे. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडतंय, ते या यादीतून कळतं. पिकाला किंवा मातीतल्या जिवांना काय जास्त होतंय, ते कळत नाही. गाळ तर रानातल्या मातीपेक्षा वेगळाच. वरच्या शिवारातून वाहून आलेली तणनाशकं, गावाचं सांडपाणी, गॅरेजमधलं ऑइल, औद्योगिक वसाहतीकडून येणारा नाला, विसर्जनातल्या मूर्तींचे रंग, हे सगळं बारीक कणांना चिकटून शेवटी त्यातच येऊन बसतं. तो गाळ विषारी आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न आधी पडला तो समुद्रकाठी. तिथे त्याचं एक उत्तर शोधलं गेलं, ते सूक्ष्मशैवालांच्या मदतीने. हे असे जीव की ज्यांची एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. घाटाच्या पायरीवर पाय घसरवणाऱ्या हिरव्या थरात आणि तळ्याच्या पाण्याला येणाऱ्या हिरवटपणात ती असतात. प्रयोगशाळेत त्यांना गाळासोबत ठेवायचं आणि ती वाढतात की मरगळतात, ते बघायचं. कल्पना एवढीच. पण ती नीट राबवायला बरीच वर्षं गेली.

समुद्रकाठच्या खाड्यांना या शोधाची निकड जास्त होती, त्याला कारण आहे. नदीतून तरंगत आलेले मातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलत राहतात. खारं पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तिथेच खाली बसतात. त्यांच्या अंगावरचं रसायनही सोबतच बसतं. त्यात खाडीच्या दोन्ही तीरांवर कारखाने असले की दुसरं काय होणार? ठाणे खाडीच्या पूर्वेला १९६० च्या दशकापासून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या झिंगडे आणि देसाई या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच संस्थेच्या मुंबईतल्या गटाने २००३ मध्ये शेजारच्या उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचा अभ्यास मांडला. पाऱ्याचा विद्युतघट वापरून कॉस्टिक सोडा बनवण्याची जुनी पद्धत जिथे जिथे होती, तिथून पारा पाण्यात सुटायचा. पुढे पद्धत बदलली तरी गाळात बसलेला पारा जागचा हलत नाही.

याच ठाणे खाडीच्या चिखलावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये तिथे रोहित अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते, ती डायटम नावाच्या शैवालांची. रोहितांच्या अन्नात या शैवालांचा मोठा वाटा असतो आणि त्यांच्या पिसांतला गुलाबी रंगही शैवालांतल्या रंगद्रव्यांतूनच येतो. पाण्यातलं मिथिल पारा हे संयुग शैवालाच्या पेशीत शिरतं, तेव्हा त्याचं प्रमाण पाण्याच्या तुलनेत हजारो ते लाखो पटींनी वाढतं. पुढे शैवालातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात किंवा माणसात ते चढत जातं, पण यातली सगळ्यात मोठी उडी ही पहिलीच. विषाची पहिली खबर शैवालाकडे असते, ती यामुळेच.

आता नांदेड-लातूरच्या वाचकाला वाटेल की खाडीशी आपला काय संबंध. संबंध गोदावरीचा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावलेली मांजरा लातूर जिल्ह्यातून पुढे जाऊन कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. नांदेडहून आलेली गोदावरी तिथून श्रीरामसागरात आणि पुढे राजमहेंद्रीहून बंगालच्या उपसागराला. १,४६५ किलोमीटरच्या या प्रवासात ती दख्खनची काळी माती नेऊन समुद्रात टाकत आली आहे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या एका लांब नळकांड्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागल्या काही हजार वर्षांत मॉन्सून कमजोर होत गेला तशी इथल्या जमिनीची धूप वाढली आणि पठारावर शेती पसरल्यावर ती आणखी वाढली, असं त्या गाळातून वाचता आलं. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी नांगरलेल्या रानाची नोंद तिकडे आंध्रच्या समुद्रात आहे म्हणायची!

पण ती वाहतूक आता मंदावली आहे. १९७० च्या दशकात गोदावरी समुद्राला जितका गाळ देत होती, त्याच्या साधारण तिसरा हिस्सा १९९० च्या दशकात उरला, असं मोजमापांवरून दिसतं. बाकीचा धरणांनी अडवला. जायकवाडी, माजलगाव, विष्णुपुरी, मांजरा, निजामसागर, श्रीरामसागर आणि मधले असंख्य बंधारे. म्हणजे जो गाळ काकीनाड्याच्या किनाऱ्यावर जाऊन तिथली डोकेदुखी झाला असता, तो आता आपल्याच उंबऱ्यात बसतो आणि आपण तो उचलून शेतात नेतो. किनाऱ्यासाठी शोधलेली परीक्षा आपल्या तळ्याला लावायची, ती म्हणूनच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की त्यासाठी शैवाल कशाला, गाळ लॅबमध्ये द्या, धातू किती ते यंत्र सांगेल. यंत्र सांगतं, आणि बरोबर सांगतं. घोटाळा पुढे होतो.

लॅबमध्ये गाळ तीव्र आम्लात शिजवतात, त्यातला धातू झाडून बाहेर काढतात आणि एक किलो गाळात तो किती मिलिग्रॅम आहे, ते मोजतात. मग हा आकडा एखाद्या मानकाशी ताडून बघतात. समुद्राच्या गाळासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सुचवलेल्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. प्रत्येक धातूला दोन पातळ्या. खालच्या पातळीच्या आत विषाचा परिणाम क्वचित दिसतो आणि वरच्या पातळीच्या पलीकडे तो वारंवार दिसतो. तांब्याची खालची पातळी किलोमागे ३४ मिलिग्रॅम, क्रोमियमची ८१, निकेलची २०.९. निकेलची वरची पातळी ५१.६. आता आपली काळी माती ज्या खडकाची झाली, तो बेसॉल्ट घ्या. जगभरच्या बेसॉल्टची सरासरी म्हणून १९६१ पासून वापरले जाणारे आकडे असे आहेत: तांबं ८७, क्रोमियम १७०, निकेल १३०. एकही कारखाना नसलेल्या, माणसाचा हात न लागलेल्या बेसॉल्टच्या चुऱ्याला या मानकाने मोजलं तर तांबं आणि क्रोमियम खालची पातळी ओलांडतात आणि निकेल तर वरचीही. म्हणजे मानक तंतोतंत पाळायचं तर अर्धा महाराष्ट्र विषारी जाहीर करावा लागेल.

यात मानकाची चूक नाही. ते ज्या किनाऱ्यांच्या आकडेवारीवर बेतलं, तिथे आपला खडक नव्हता. बेसॉल्टमधलं निकेल आणि तांबं खनिजाच्या जाळीत पक्कं बसलेलं असतं, ते आम्लात उकळल्यावर बाहेर येतं, पण मुळाला, किड्याला किंवा शैवालाला ते सहजी मिळत नाही. नाल्यातून आलेलं तांबं मात्र कणाच्या पृष्ठावर असतं आणि पाण्यात उतरू शकतं. यंत्राच्या आकड्यात दोन्ही एकच. म्हणूनच गाळात किती धातू आहे यापेक्षा त्यातला किती जिवाच्या हाती लागतो, हा प्रश्न मोठा ठरतो आणि त्याचं उत्तर जिवालाच विचारावं लागतं.

असंच आणखी एक उदाहरण पॅराक्वाट या तणनाशकाचं. पाण्यात मोकळं असलं तर ते शैवालांना अत्यंत घातक. पण आपल्या काळ्या मातीतल्या चिकणखनिजांचे पापुद्रे त्याला दोन थरांच्या मधे असं धरून ठेवतात की ते जवळपास निकामी होतं. तीव्र रसायनाने ते मातीतून ओढून काढलं तर अहवालात आकडा भला मोठा येईल. त्याच मातीत ठेवलेलं शैवाल मात्र तो आकडा ठाऊक नसल्यासारखं वाढत राहील.

तर ही परीक्षा घेतात कशी?

गोड्या पाण्यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं शैवाल कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं, हिरवं, एकपेशीय आहे. रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा हे त्याचं सध्याचं नाव. याआधी त्याची दोनदा नावं बदलली आणि जुन्या पुस्तकांत ते सेलेनास्ट्रम म्हणूनच सापडतं. १९५९ मध्ये ओलाव स्कुलबर्ग या शास्त्रज्ञाने नॉर्वेतल्या नितेल्वा नदीच्या पाण्यातून ते वेगळं केलं. त्या एका नमुन्याचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. खाऱ्या पाण्यासाठी फीओडॅक्टिलम आणि स्केलेटोनिमा ही डायटम वापरतात. दोन्हींसाठी आंतरराष्ट्रीय मानकं ठरलेली आहेत.

गाळाचा अर्क काढायची सगळ्यात सोपी रीत बंदरातला गाळ उपसण्याच्या कामातून आली. एक भाग गाळ, चार भाग पाणी. घुसळायचं, बसू द्यायचं आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. या पाण्याच्या कमी-अधिक प्रमाणाच्या पातळ्या करायच्या, प्रत्येकीत शैवालाचं ठरलेलं अन्न घालायचं आणि दर मिलिलिटरला पाच ते दहा हजार पेशी सोडायच्या. सोबत एक फ्लास्क स्वच्छ पाण्याचा, तुलनेसाठी. सगळे फ्लास्क २१ ते २४ अंशांवर, सतत उजेडात, हलते ठेवायचे. ७२ तासांनी मोजायचं.

मोजायला मोठं यंत्र लागत नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायची न्यूबाउअर काच असते, तीच इथे चालते. जाड काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात आणि वर पातळ काच ठेवली की मधे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जागा राहते. एक मिलिमीटर बाजूच्या मोठ्या चौकोनात जितक्या पेशी दिसतील, त्यांना दहा हजारांनी गुणलं की मिलिलिटरमधली संख्या मिळते. म्हणजे दहा हजारांनी सुरुवात केली तर पहिल्या दिवशी एका चौकोनात सरासरी एकच पेशी. तीन दिवसांनी स्वच्छ फ्लास्कमधल्या थेंबात किमान सोळा दिसल्याच पाहिजेत, नाहीतर परीक्षाच रद्द. शैवाल तब्येतीत असतील तर चौकोन भरून जातो, मोजताना डोळे दुखतात. गाळाच्या अर्कातल्या थेंबात मात्र कुठे चार, कुठे दोन, आणि त्यातल्या काही पेशी फिकट, फुगलेल्या. ज्या पातळीला वाढ निम्म्यावर येते, ती त्या गाळाची नोंद.

अर्काची रीत सोपी असली तरी अपुरी आहे. जे विष पाण्यात उतरतं, तेच तिला दिसतं. प्रत्यक्षात तळाशी राहणारं शैवाल गाळाच्या कणाला अंग घासून जगतं. म्हणून शैवाल थेट गाळावरच वाढवायचे प्रयत्न झाले. स्पेनच्या कादिझमधल्या शास्त्रज्ञांनी सिलिंड्रोथिका नावाचं सुईसारखं लांबट डायटम घेतलं. ऑस्ट्रेलियात सिएसआयआरओ या संस्थेत अॅडम्स आणि स्टॉबर यांनी एंटोमोनिस नावाचं, चिखलातच राहणारं डायटम घेऊन २००४ मध्ये अशी परीक्षा मांडली. अडचण अशी की चिखलात पेशी मोजायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा कण आणि शैवालाची पेशी यांत गफलत होते. त्यांनी लेझरखालून एकेक कण नेणारं यंत्र वापरलं. निळ्या उजेडात जिवंत शैवालातलं हरितद्रव्य लाल चमकतं, मातीचा कण तसा चमकत नाही, आणि एवढ्या खुणेवर हजारो कणांतून पेशी वेगळ्या काढता येतात.

ही लाल चमक एरवीही फार कामाची आहे आणि ऊसवाल्या मराठवाड्याला तर तिचं विशेष महत्त्व. पानात किंवा शैवालात पडलेल्या उजेडाची ऊर्जा हरितद्रव्य पकडतं आणि इलेक्ट्रॉनच्या रूपाने पुढे पाठवतं. अॅट्राझिन, डाययुरॉन, मेट्रिब्युझिन ही उसातल्या तणांवर वापरली जाणारी तणनाशकं या साखळीतल्या एका प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतात आणि पुढची वाट बंद करतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटला की मोटार गरगरत राहते आणि जातं थांबतं, तसं होतं. पकडलेली ऊर्जा कामाला लागत नाही, ती उष्णता आणि लाल चमक होऊन बाहेर पडते. अंधारातून उजेडात आणलेल्या पानाची चमक कशी चढते-उतरते, हे हान्स काउट्स्की या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखवलं होतं. आज त्याच तत्त्वावरचं यंत्र शैवालाच्या नमुन्यावर उजेडाचा झोत टाकून काही मिनिटांत सांगतं की वाट मोकळी आहे की बंद. ७२ तास थांबायचं कारण नाही.

ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या किनाऱ्याला उसाचे मळे आहेत आणि पावसाळ्यात तिथल्या नद्या डाययुरॉन घेऊन समुद्रात उतरतात. त्याचा माग घेण्यात या चमकेचा मोठा उपयोग झाला आणि २०१२ मध्ये तिथल्या नियामक संस्थेने डाययुरॉनच्या वापरावर निर्बंध आणले. मांजराकाठचा ऊस आणि क्वीन्सलँडचा ऊस यांत फवारणीच्या बाबतीत फार अंतर नाही. अंतर आहे ते पाण्यात काय उतरलं, ते बघण्यात.

अर्थात सगळीच तणनाशकं या खाचेत बसत नाहीत. सोयाबीनमध्ये फवारलं जाणारं इमॅझेथापायर वनस्पतीला काही अमिनो आम्लं बनवू देत नाही. ग्लायफोसेटही तसंच, पण दुसऱ्या ठिकाणी अडवतं. यांचा फटका लाल चमकेत लगेच दिसत नाही, पेशी वाढायच्या थांबतात तेव्हा दिसतो. म्हणजे लातूरच्या सोयाबीनखालच्या तळ्यासाठी तीन दिवसांची परीक्षा आणि उसाखालच्या तळ्यासाठी चमकेची, निदान पहिल्या टप्प्यात. मासे किंवा पाण्यातले किडे वापरून केलेल्या परीक्षेत ही तणनाशकं सहज निसटतात, कारण प्राण्यांमध्ये प्रकाशसंश्लेषणही नाही आणि अडवण्याजोग्या त्या अमिनो आम्लांच्या वाटाही नाहीत. २,४-डी मात्र शैवालाच्याही तावडीत नीट सापडत नाही. ते रुंद पानांच्या तणांच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं आणि एकपेशीय शैवालाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

शैवालाची साक्ष काढायची दुसरी रीत जुनी आणि स्वस्त आहे: पाण्यात आधीपासून कोण राहतंय ते बघणं. सी. एम. पामर यांनी १९६९ मध्ये प्रदूषण सोसणाऱ्या वीस शैवाल-प्रजातींना गुण दिले. ऑसिलेटोरिया आणि युग्लेना यांना पाच-पाच, क्लॅमिडोमोनास आणि सेनेडेस्मस यांना चार-चार, अशी ही यादी. नमुन्यात सापडलेल्यांच्या गुणांची बेरीज वीस किंवा जास्त झाली की पाणी सेंद्रिय घाणीने चांगलंच बिघडलेलं समजायचं. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत हा निर्देशांक वापरलेला असतो. तक्रार एवढीच की तो सांडपाण्यासाठी बनवलेला आहे, धातूसाठी किंवा तणनाशकासाठी नाही. वीस गुण पडले म्हणून विष आहे असं होत नाही आणि दहा पडले म्हणून नाही असंही नाही.

डायटमची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशीभोवती सिलिकेचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, नक्षीदार कवच असतं. पेशी मेली तरी कवच गाळात वर्षानुवर्षं टिकतं. धातूंचा मारा झालेल्या ठिकाणी ही कवचं वाकडी, खाचा पडलेली, नक्षी बिघडलेली सापडतात. महाराष्ट्रातल्या डायटमची ओळख करून देण्यात हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांचं काम पायाभूत आहे. १९५० च्या दशकात त्यांनी कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्यातली डायटम नोंदवली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर संशोधन चालतं. जुन्या तळ्यातल्या गाळाचा एक उभा थर कापून घेतला तर वरच्या थरात आणि खालच्या थरात डायटम कसे बदलले, ते वाचता येतं आणि बिघाड कोणत्या थरापासून सुरू झाला, याचा अंदाज येतो. गाळ उपसताना किती खोल जायचं, हे ठरवायला याचा उपयोग आहे.

शैवालाची परीक्षा आपल्याकडे जशीच्या तशी उचलली तर फसगत होईल. नॉर्वेच्या नदीतलं शैवाल २३ अंशांवर खूश असतं. आपल्या तळ्यातलं पाणी उन्हाळ्यात त्याहून कितीतरी गरम असतं आणि तापमानाबरोबर विषाचा जोरही बदलतो. तेव्हा इथल्याच पाण्यातलं सेनेडेस्मस किंवा क्लोरेला वेगळं करून, त्याची वाढ, त्याचा हळवेपणा आधी नीट मोजून मग ते वापरावं लागेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर विष्णुपुरीलाच आहे. एका काठाला शैवाल, दुसऱ्या काठाला सूक्ष्मदर्शक असं हे ठिकाण. वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या विभागाला तरी हा उद्योग अवघड नाही.

दुसरी फसगत खताची. गावाचं सांडपाणी मिळालेल्या गाळात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं, शैवालाला ती मेजवानीच. थोडं विष असलं तरी खताच्या जोरावर ते वाढतच राहतं आणि निकाल ‘उत्तम’ येतो. म्हणून तुलनेच्या फ्लास्कमध्ये अन्न आधीच भरपूर ठेवतात, म्हणजे गाळातल्या जादा खताचा फायदा उरत नाही. तिसरी अडचण रंगाची. मळीपासून दारू गाळणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्याने पाणी गडद तपकिरी होतं. त्यात शैवाल मंदावलं तर विषाने की उजेड न पोचल्याने, हे वेगळं काढावं लागतं.

आणि शैवालाने ‘विष आहे’ म्हटलं तरी कोणतं, ते ते सांगत नाही. त्यासाठी त्याच अर्काचे भाग पाडून एकेक वाट बंद करून बघतात. एका भागात ईडीटीए घालायचं, ते धातूंना आवळून निकामी करतं. त्यातलं शैवाल सावरलं तर संशय धातूवर. दुसरा भाग सक्रिय कोळशातून गाळायचा, त्यात तणनाशकांसारखी सेंद्रिय रसायनं अडकतात. तिसऱ्यात हवेचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे सल्फाइडसारखं उडून जाणारं निघून जातं. कोणत्या भागातलं शैवाल हिरवं झालं, त्यावरून महागड्या यंत्राला नेमकं काय शोधायला सांगायचं, ते ठरतं. सगळ्या तळ्यांच्या गाळात सगळी रसायनं शोधत बसण्याचा खर्च कोणत्याच खात्याला परवडणार नाही. शैवालाने चाळणी लावली तर मोजकेच नमुने पुढे जातात.

कुठून सुरुवात करायची, तेही उघड आहे. डोंगरपायथ्याच्या, वर नुसतं गायरान असलेल्या तळ्याचा गाळ डोळे झाकून उचलावा. शहराच्या खालच्या अंगाचे बंधारे, औद्योगिक वसाहतीचा नाला जिथे मिळतो ती तळी आणि सलग उसाखालची पाणलोटं यांचे नमुने फेब्रुवारी-मार्चमध्ये, पोकलेन ठरण्याआधी घ्यावेत. संशय तणनाशकावर निघाला तर घाईचं कारण नाही. गाळ काठावर पसरून एक हंगाम ऊन-वारा लागू दिला तर अॅट्राझिनसारखी रसायनं जिवाणूंच्या तोंडी लागून बरीच कमी होतात. मग पुन्हा तपासून तो रानात न्यावा.

धातूचं तसं नाही. सांडपाणी साचलेल्या तळ्याचा गाळ काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा असतो. तो वास गंधकाचा, आणि हवा नसलेल्या त्या चिखलात तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं गंधकाशी बांधलेलं, विरघळायला नाखूश असतं. हाच गाळ वर काढून उन्हात पसरला की हवा लागून ते बंध तुटतात आणि धातू सुटा होतो. आपल्या रानातला चुना आणि आठच्या आसपासचा सामू त्यातला बराच पुन्हा धरून ठेवतात, हे आपलं नशीब. तरी सगळाच धरतात असं नाही, कॅडमियम तर पालेभाजीत चढायला टपलेलं असतं. अशा तळ्याचा गाळ तपासताना ओल्या नमुन्यासोबत त्याचाच महिनाभर वाळवलेला नमुनाही शैवालापुढे ठेवायला हवा. ओल्यात शैवाल मजेत वाढलं आणि वाळवलेल्यात मेलं, तर त्या तळ्यातलं पोकलेन परत पाठवावं आणि गाळ पाण्याखाली आहे तसा राहू द्यावा, मग योजनेचं उद्दिष्ट अपुरं राहिलं तरी चालेल.